मदत हवी आहे: गावच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही करावी का?

पडवी

नमस्कार मंडळी,

कोर्टकचेरीशी आमच्या घरात कुणाचा कधी संबंध आला नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे. चिऱ्याचं, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर, आणि भोवती १८ गुंठ्यांचं आवार. माड, दोन हापूस, एक बरका फणस. घर आजोबांनी १९६१ साली बांधलं. जमीन त्यांनी विकत घेतली होती की पणजोबांकडून आली, हे मात्र घरात कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

आजोबा १९७९ साली गेले. मृत्युपत्र नाही. आजी १९९३ मध्ये गेली. त्यांना चार मुलं: बाबा, काका आणि दोन आत्या. बाबा थोरले, पण मुंबईत नोकरीला होते, म्हणून आजोबांच्या मागे गावी असलेल्या काकांचं नाव सातबाऱ्याला लागलं. त्यांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही तेच. बाबा २०१२ मध्ये गेले. आमच्याकडून आता आई, मी आणि कॅनडातला भाऊ. मोठी आत्या २०१७ मध्ये गेली, यजमान तिच्याआधीच गेले होते, दोन मुलं पुण्यात आहेत. धाकटी आत्या चिपळूणला असते.

घरपट्टी काकांनीच भरली, कौलंही त्यांनीच परतून घेतली. हे आम्ही कुणीच नाकारत नाही.

आता चुलतभावाला तिथे होमस्टे काढायचं आहे. बँक म्हणते आधी नावं साफ करून आणा. म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवलाय. आई आणि मी 'स्वखुशीने व विनामोबदला' हक्क सोडतोय, तोही थेट चुलतभावाच्या नावे. सोबत निरोप: येत्या गुरुवारी निबंधक कार्यालयात या, आधार आणि फोटो आणा.

आईला पैसा नकोय. भिंत घालून हिस्सा पाडायचाही नाही. गणपतीत हक्काने जाऊन राहता यावं आणि उत्तरेकडची खोली आपली म्हणून असावी, एवढंच तिचं म्हणणं. काका म्हणतात, "वहिनी, तुम्हाला येऊ नका म्हणणारा कोण आहे इथे? कागद कशाला हवा त्याला?" यावर आई गप्प होते, आणि ती गप्प झाली की मला गुरुवार जवळ आलेला दिसतो.

सही केली तर नंतर काही शिल्लक राहतं का? नाही केली तर काय करायचं? आत्यांचं काय? मसुद्यात त्यांचं नावच नाही.

चाकरमानी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सातबारा ज्याच्या नावे तो मालक. चाळीसेक वर्षं ज्याने घर राखलं त्याचंच झालं ते. आत्यांना लग्नात द्यायचं ते दिलं असणार. आमच्या वाडीत दोन भावांचा दावा लागला, घराचे वासे खाली आले तरी निकाल नाही. गोडीगुलाबीत सही द्या आणि दरवर्षी हापूसची पेटी घ्या.

शेवग्याची शेंग

पेटी एक-दोन वर्षं येते. मग "यंदा मोहर गळला".

वकीलबाई

चाकरमानी, तुमची वाक्यं मी दर दुसऱ्या अशिलाकडून ऐकते, म्हणून आधी तीच घेते.

सातबारा आणि फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद) या महसुलाच्या नोंदी. सारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं म्हणून. त्यांनी मालकी मिळत नाही आणि नाव नाही म्हणून जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीदा तरी सांगून झालंय. नमुना ८ तर नुसती घरपट्टीची आकारणी. आणि ताई, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ती नोंद बघून तुम्ही दबकलेल्या दिसता, पण ती तुमच्याच बाजूची आहे. काका हे सगळं एकट्याचं म्हणून नव्हे तर कुटुंबाच्या वतीने धरून आहेत, असं सरकारी कागदच म्हणतोय.

राखलं म्हणून मालक, हेही सहहिस्सेदारांमध्ये चालत नाही. एकाचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरतात. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवल्याचं सिद्ध करावं लागतं. हिश्श्यातून वगळलंय हे कळल्यापासून दाव्याला १२ वर्षांची मुदत असते. काकांनी आजवर नाकारलेलं नाही, उलट सही मागतायत. हक्कच नसता तर तो सोडायला कशाला सांगितलं असतं? तो मसुदा आणि सोबतचा निरोप डिलीट करू नका. कौलं, घरपट्टीचा खर्च मात्र काका हिशोबात मागू शकतात, आणि तो द्यावा असं माझंही मत आहे.

आता हिस्से. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम ८. आजोबा गेले तेव्हा आजी, दोन मुलगे, दोन मुली असे पाच समान वारस. आजीचा पाचवा हिस्सा तिच्या पश्चात चारही मुलांकडे सारखा गेला, म्हणजे प्रत्येकी चार आणे. बाबांचे चार आणे आई, तुम्ही आणि भाऊ यांच्यात तीन वाटे, म्हणजे तुम्हा प्रत्येकाचा बारावा हिस्सा. मोठ्या आत्याचे चार आणे तिच्या दोन मुलांना.

जमीन पणजोबांकडून आलेली निघाली तर हिशोबाची रीत बदलते, पण आत्या बाहेर पडत नाहीत. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलासारखी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची वाटेकरी, झाली. तेव्हा वडील हयात असायला हवेत का, यावर बरीच वर्षं घोळ होता. तो ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा खटल्यात मिटला: वडील आधी गेलेले असले तरी चालतं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तरच गोष्ट वेगळी. तुमच्या दोन्ही आत्या २००५ मध्ये होत्या. लग्नात दागिने दिले म्हणून हक्क संपला, असं कुठल्याच कलमात नाही.

मसुद्याकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. हक्कसोड होते ती सहहिस्सेदाराच्या लाभात. काका हयात आहेत. मिळकत आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर चुलतभावाचा आज त्यात काडीचाही हिस्सा नाही. ज्याचा हिस्साच नाही त्याला 'हक्क सोडून' दिला तर वर नाव काहीही लिहा, ते बक्षीसपत्र ठरतं आणि मुद्रांकही त्याप्रमाणे लागतो. शिवाय हक्कसोडपत्राला नाममात्र मुद्रांकाची जी सवलत आहे ती भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं, नवरा-बायको अशा ठरावीक नात्यांपुरती. आत्या आपल्या भावाला सोडू शकते. पुतणी काकांना किंवा भावजय दिराला सोडते तेव्हा ती लागू होते का, हे आधी मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयाचा (मुद्रांक किती लागेल ते ठरवून घ्यायचा) अर्ज देऊन विचारून घ्या. पुढे कमी मुद्रांकाची वसुली दंडासकट आली म्हणजे नात्यात उरलंसुरलं तेही जातं.

आणि हो, एकदा नोंदणी झाली की 'मला कळलं नव्हतं' म्हणून ते सहज रद्द होत नाही. कोर्टात जाऊन फसवणूक किंवा दडपण सिद्ध करावं लागतं. आईचा गणपतीचा हक्क, खोली, यातलं काही कागदात नसेल तर ते उरत नाही. गुरुवारी जाऊ नका. तब्येत बरी नाही म्हणा, काहीही म्हणा.

त्याऐवजी हे कागद काढा: सातबारा, ८अ (खातेउतारा), १९७९-८० चा वारसाचा फेरफार (त्याचा क्रमांक सातबाऱ्यावर किंवा जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर असेल), आजोबांचं खरेदीखत असल्यास ते, आणि सगळ्यांचे मृत्यूचे दाखले. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, बरेचसे स्कॅन होऊन ऑनलाइनही आलेत.

फणसपोळी

आमच्याकडे गुहागरला हाच प्रसंग झाला, फक्त होमस्टे माझ्या दिराला करायचं होतं. मालकी कुणीच सोडली नाही. सगळ्या हिस्सेदारांनी मिळून त्यांना काही वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून दिला. वर्षाला ठरलेली रक्कम, दुरुस्ती त्यांची, गणपती आणि शिमग्याला बुकिंग घ्यायचं नाही. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणीही झाली. पहिल्या बँकेने नाकं मुरडली, दुसरीने सगळ्यांचं संमतीपत्र घेऊन कर्ज दिलं. रक्कम मात्र मागितली त्यापेक्षा कमी मिळाली, हे आधीच सांगते.

एक टीप. कागदात 'खोली' एवढंच लिहू नका. खोलीपर्यंत जायची वाट, विहिरीचं पाणी, संडास-न्हाणी, पडवीचा वापर, सगळं लिहा. आमच्या सासूबाईंना खोली मिळाली आणि पंपाच्या स्विचला कुलूप लागलं.

शेवग्याची शेंग

हे स्विचचं प्रकरण घरोघरी आहे वाटतं.

चाकरमानी

ए.कु.मॅ.चं ठाऊक नव्हतं. पण मग हे नाव लावायचं कसं? सातबाऱ्यावर नाव आणायला जन्म जातो.

वकीलबाई

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क प्रणालीवर. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. मग सगळ्या हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि लांबतं, हे खरं. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयतांच्या जागी वारस लावायचं काम गावोगाव झालं, तुमच्या गावात काय झालं तेही विचारा.

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी गेलो नाही. चुलतभाऊ चिडला, पण फोन आपटला नाही.

१९८० चा फेरफार मिळाला. त्यात लिहिलंय: 'मयताच्या मुलींनी जबाब देऊन हक्क सोडल्याने त्यांची नावे दाखल केली नाहीत, थोरला मुलगा परगावी असल्याने धाकट्याचे नाव ए.कु.मॅ. म्हणून.' नशिबाने जुन्या बासनात तो जबाबही निघाला. धाकट्या आत्याची सही आहे. मोठ्या आत्याच्या नावापुढे डाव्या हाताचा अंगठा आहे. मोठी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिचं अक्षर बघून आम्ही कित्ते गिरवलेत.

काका तेव्हा पंचविशीचे होते. त्यांनी केलं की गावातल्या कुणी कारभाऱ्याने परस्पर उरकलं, देव जाणे. आईला अजून सांगितलेलं नाही. या जबाबामुळे आत्यांचा हक्क गेला का?

खरेदीखतही मिळालं, १९५७ चं, आजोबांच्या एकट्याच्या नावे.

वकीलबाई

खरेदीखत मिळालं हे फार बरं झालं. स्वकष्टार्जित धरून चाला, म्हणजे वरचा चार-चार आण्यांचा हिशोब.

जबाबाने हक्क गेला नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, नोंदणी कायदा, १९०८, कलम १७. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने फार तर सातबाऱ्यावर नाव लागत नाही. अंगठा खरा धरला तरी उत्तर हेच, म्हणून खोट्या अंगठ्याचा विषय आज काढूच नका. काढलात तर काका बचावाच्या पवित्र्यात जातील आणि आईची खोली बाजूला राहील.

माझा सल्ला: वाटणीपत्र करा, नोंदणीकृत. काका, धाकटी आत्या, मोठ्या आत्याची मुलं आणि तुम्ही तिघं, सगळ्यांच्या सह्या. उत्तरेची खोली आईच्या नावे, फणसपोळींनी सांगितलेल्या वाट-विहिरीसकट. बाकी घर काकांकडे, म्हणजे होमस्टेचा मार्ग मोकळा. आवाराची प्रत्यक्ष फोड करायला जाऊ नका, शेतजमीन म्हणून नोंद असेल तर तुकडेबंदी (शेताचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) आडवी येऊ शकते. आत्यांना काही नको असेल तर नको, पण ते त्यांनी त्यांच्या तोंडाने सांगायचं. भावाचं मुखत्यारपत्र या एका कामापुरतंच करा, तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

ऐकलंच नाही तर वाटणीचा दावा आहेच. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला वकीलही मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि उद्या काकांनी वैतागून आपला हिस्सा बाहेरच्याला विकला, तरी राहत्या घरात तो परका एकत्र ताबा मागू शकत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४४. ही भीती आईला कुणी घातली असेल तर तेवढी काढून टाका.

एकच काम गुपचूप करून ठेवा. मोठ्या आत्याचं सेवापुस्तक, पेन्शनचे कागद, जुनं बँक पासबुक, १९८० च्या आसपासची तिची सही ज्यावर असेल ते तिच्या मुलांकडून मागवा. वापरायची वेळ न आली तर उत्तमच.

पडवी

आत्येभावाला फोन केला, तो तिची ट्रंक उघडणार आहे. धाकटी आत्या म्हणाली, "मला काही नको, पण मला विचारलं पाहिजे." चुलतभावाला भाडेपट्ट्याची कल्पना सांगितली तर त्याने पहिला प्रश्न विचारला तो गणपतीत बुकिंग बंद ठेवायचं म्हणजे किती दिवस. मी पाच म्हटलं, तो तीनवर अडलाय. मसुदा झाला की नावं काढून इथे टाकते.