विनिपेगच्या शेल्टरमध्ये रात्रपाळी : झोपलेल्यांची फेरी, नॅलोक्सोन आणि बोलण्यातल्या चुका

रेवा_विनिपेग
पुढच्या आठवड्यापासून इथे कॅनडात, बेघरांच्या शेल्टरमध्ये सपोर्ट वर्कर म्हणून रात्रपाळी आहे. मुक्कामाला येणारे बहुतेक क्री, अनिशिनाबे आणि मेटी, म्हणजे इथले मूळनिवासी. नॅलोक्सोनचं (फेंटानिलसारख्या अफूवर्गीय नशेचा अतिडोस उतरवणारा नाकातला स्प्रे) प्रशिक्षण झालंय, तरी दोन ठिकाणी गाडी अडते. झोपलेला माणूस ठीक आहे हे त्याला न उठवता कसं ओळखायचं? आणि आपण भारतातून आलेली माणसं त्यांच्याशी बोलताना कुठे चुकतो?

उत्तररात्र
रेवाताई, टॉर्च चेहऱ्यावर कधीच मारू नका. उजेड भिंतीवर किंवा पायांकडे टाका, तेवढ्यात छाती दिसते. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या सरकारी-चर्चच्या निवासी शाळांमध्ये ठेवत, तिथे त्यांना रांगेने झोपवत, नावाऐवजी नंबर देत, आणि रात्री कुणीतरी पलंगाशी येण्याचा अर्थ कित्येकांसाठी फार भयानक होता. या शाळा १९९०च्या दशकापर्यंत चालू होत्या, म्हणजे तिथे वाढलेली माणसं आज तुमच्या पलंगांवर झोपणार आहेत. म्हणूनच ‘बेड १४’ अशी हाकही मारायची नाही. नाव घ्यायचं.

आता श्वास. घड्याळ लावून ३० सेकंद छाती-पोट वरखाली होताना मोजा. ६ पेक्षा कमी भरले, तर हाक मारा. पांघरूण डोक्यावरून असेल तर काही मोजता येत नाही, त्यामुळे चेहरा उघडा ठेवायची विनंती झोपायच्या आधीच करा. सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘घोरतोय म्हणजे झोपलाय’ असं धरून पुढे जाणं. घशात घरघर, गुळगुळ असा ओला आवाज येत असेल तर श्वासनलिका बंद होत चालली आहे. सावळ्या कातडीवर निळेपणा दिसत नाही. ओठांची आतली बाजू आणि नखं राखाडी झालीत का ते बघा.

हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नसेल तर ९११ या आपत्कालीन नंबरला फोन. मग मान मागे, स्प्रेची नळी बोटं नाकाला टेकेपर्यंत आत, आणि एकदाच दाबायचं. आधी दाबून ‘चालतो का’ बघू नका, त्यात एकच डोस असतो. लगेच तोंडावाटे श्वास द्यायला लागा, दर ५ सेकंदांनी एक. २-३ मिनिटांत फरक नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास अजिबातच नसेल आणि अंग निपचित असेल, तर ९११वाले सांगतील तसं छाती दाबणं सुरू करा.

मुक्काम_३
वरच्यात एक भर, कारण इथेच गोंधळ होतो. हल्लीच्या फेंटानिलमध्ये बऱ्याचदा बेन्झो (झोपेच्या गोळ्यांच्या जातीची औषधं) किंवा मेडेटोमिडीन (जनावरांना गुंगी आणायचं औषध) मिसळलेलं असतं, आणि त्यांवर नॅलोक्सोन चालत नाही. अशा वेळी श्वास सुधारतो पण माणूस जागा होत नाही. घाबरून डोसांवर डोस देऊ नका. जाग येण्याची वाट बघायची नसते, श्वास चालू ठेवायचा असतो. कुशीवर वळवा आणि मोजत राहा. नॅलोक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, त्यामुळे उठून ‘मी जातो’ म्हणणाऱ्याला गोडीगुलाबीने थांबवा. तो चिडलेला असेल. अंगातून अचानक नशा ओढून काढल्यासारखं झालेलं असतं, ते मनावर घेऊ नका.

आजूबाजूचे लोक ९११ला घाबरतात. त्यांना सांगा, २०१७च्या गुड सॅमरिटन कायद्यामुळे फोन करणाऱ्यावर आणि तिथे असलेल्यांवर जवळ थोडा माल बाळगल्याचा गुन्हा लागत नाही. दुसऱ्या गुन्ह्याचं वॉरंट असेल तर मात्र हे संरक्षण नाही, तेही खरं सांगा.

दारूचं वेगळं. रोज पिणारा एकदम थांबला तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फेफरं येऊ शकतं. हात थरथरणं, घाम, ओकाऱ्या दिसल्या की नर्सला किंवा रुग्णालयाला कळवा, ‘बरं झालं सोडली’ म्हणून कौतुक करत बसू नका.

नोंदवही
लॉगबुकमध्ये ‘नशेत’ हा शब्द लिहू नका. साखर उतरली, डोक्याला मार लागला, जंतुसंसर्ग भिनला, तरी माणूस तसाच दिसतो. २००८मध्ये विनिपेगमध्येच ब्रायन सिंक्लेअर हे मूळनिवासी गृहस्थ आपत्कालीन विभागात व्हीलचेअरवर ३४ तास बसून राहिले आणि तिथेच गेले. मूत्राशयाचा, उपचाराने बरा होणारा संसर्ग होता. हा प्यायलेला असेल, नाहीतर ऊब शोधत आला असेल, असं कर्मचाऱ्यांनी धरलं. तुमच्या नोंदीतला एक शब्द पुढच्या पाळीला असाच आंधळा करू शकतो. असं लिहा : ‘रा. २.१०. बोलणं अडखळत, डावीकडे झोक, नाव बरोबर सांगितलं, श्वास मिनिटाला १४.’ मग पुढचा माणूस २.४०ला तुलना करू शकेल.

बोलण्याबद्दल. ‘आय अ‍ॅम इंडियन’ म्हणू नका, ‘भारतातून आलेय’ म्हणा. तिथे तो शब्द मूळनिवासींसाठी केलेल्या १८७६च्या इंडियन अ‍ॅक्टचा आहे आणि पिढ्यानपिढ्या त्यांच्यावर लादलेला. कोण, कुठले हे त्यांनी सांगितलं तर ऐका, नोंदणीच्या फॉर्मपलीकडे खोदू नका. फॉर्ममधला प्रश्नही कशासाठी आहे ते सांगा, आणि नको असेल तर सोडता येतो हेही. औषधांच्या केंद्रीय योजनेत स्टेटस (इंडियन अ‍ॅक्टखालची सरकारी नोंदणी) असलेले फर्स्ट नेशन्स, म्हणजे क्री, अनिशिनाबे वगैरे, आणि उत्तरेकडचे इन्युइट येतात, मेटी येत नाहीत. मेटी माणसाला ‘तुझं कार्ड कुठे’ विचारणं म्हणजे जखमेवर मीठ.

रेवा_विनिपेग
खूप आभार. स्मजिंगचं, म्हणजे पवित्र वनस्पती जाळून धुराने शुद्धी करायच्या त्यांच्या विधीचं, काय? बॅग तपासताना पिसं, सेज या सुवासिक वनस्पतीच्या जुड्या निघतात म्हणे.

नोंदवही
हात लावू नका. ‘तुम्हीच बाजूला काढून ठेवाल का?’ असं विचारा. ‘आमच्याकडेही धूप जाळतात’ हे मनात येईल, पण तोंडावर आणू नका. वाळू घातलेलं भांडं जवळ ठेवा, खिडकी उघडा. धूर-अलार्मचा तो झोन तात्पुरता बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि धूर निवल्यावर तो परत चालू झालाय हे पॅनेलवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.