4 एकर सोलरले भाड्यानं द्यावी का ले-आउटवाल्याले विकावी, अन् घर बांधतानी काय पाहावं? जाणकार लोकांनी सांगा

कास्तकाराचा_पोरगा (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघते म्हणून इथं विचारून राहिलो.

आमची 9 एकर, सगळी कोरडवाहू. 5 एकर काळी भारी आहे अन् 4 एकर रोडच्या अंगाची बरड, तिथं कपाशी लावली तर गुडघ्याच्या वर जात नाही, वरून रोही (नीलगाय) अन् रानडुकरं आहेतच. या 4 एकरापासून महावितरणचं 33 केव्हीचं सबस्टेशन तीनेक किलोमीटर असंल. तर एक सोलरवाला येऊन गेला, म्हणते 29 वर्षांसाठी भाड्यानं द्या, दरवर्षी पैसे खात्यात. दुसरीकडं एक ले-आउटवाला (वावरात प्लॉट पाडून विकणारा) मागं लागला आहे, म्हणते रोडटच आहे, एकरकमी घ्या अन् मोकळे व्हा. बाबा म्हणतात वावर विकाचं नाही म्हणजे नाही. भाऊजी म्हणतात विकून नागपूरले प्लॉट घ्या, पुढं पोराबाळांच्या कामी येईल.

त्यातच दारव्ह्याला घर बांधणं आहे, 30 बाय 50 चा प्लॉट आधीच घेऊन ठेवला आहे. मोबाईलवर तज्ज्ञ लोकांचे व्हिडिओ पाहिले, स्वच्छ ऊर्जा, ग्रीन बिल्डिंग, हवामान बदल सोसणारी शहरं, सगळं पाहिलं, पण ते सगळे मुंबई-पुण्याच्या टॉवरबद्दल बोलतात. आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर पारा, त्यात लाइन जाते, अन् पावसाळ्यात नाला घरात येते, त्याबद्दल कोणी सांगत नाही. महसूल, लाइट अन् बांधकाम या तिन्हीतले माहितगार इथं आहेत म्हणून मनापासून विचारतो. जमिनीचं काय करावं अन् घरावर सोलर लावलं तर लाइन गेल्यावर कूलर चालंल का?

---

जुना_महसूल (अमरावती)

भाऊ, वडील म्हणतात त्यात दम आहे, घाई करू नका.

आधी हा सोलरवाला कोणाकडून आला ते विचारा, कारण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0, यात सबस्टेशनच्या जवळची जमीन घेतात, तिथली वीज त्याच फीडरवरच्या (सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाइनवरच्या) शेतीपंपांना दिवसा देतात. या योजनेत खाजगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये किंवा जमिनीच्या किमतीच्या 6 टक्के, जे जास्त असेल ते, आणि पहिल्या वर्षाच्या दरावर दरवर्षी 3 टक्के सरळ वाढ. म्हणजे एकरी साधारण 50 हजार धरा. ग्रामपंचायतीलाही वर्षाला 5 लाख असे 3 वर्षं मिळतात. दुसरा प्रकार म्हणजे एखादी कंपनी कारखान्याला वीज विकायला स्वतःच जमीन शोधते, तिथं भाडं काय ते तुमचं तुम्ही ठरवायचं.

आता ती 3 टक्के वाढ ऐकायला बरी वाटते पण ती सरळ वाढ आहे, त्या दरानं रक्कम दुप्पट व्हायला 33 वर्षांच्या वर लागतात, म्हणजे 29 वर्षांत दुप्पटही होत नाही, आणि 29 वर्षांनी त्या रकमेची किंमत काय राहील याचा विचार आजच करा. खाजगी कंपनी असेल तर वाढ जास्त मागा, किमान 5 टक्क्यांवर अडून बसा.

करारात मी काय पाहीन ते सांगतो. भाडेपट्टा एक वर्षाच्या वरचा असला की दुय्यम निबंधकाकडं नोंदणी लागतेच, 500 च्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला कागद चालत नाही. भाडेपट्ट्याची नोंद सातबाऱ्यात इतर हक्कात येईल, त्यामुळं त्या गटावर पुढं पीक कर्ज मागायला गेलात की बँक आधी तेच पाहील, म्हणून काळी आणि बरड एकाच गटात असेल तर आधी मोजणी करून पोटहिस्सा वेगळा करून घ्या. हे फार लोक विसरतात आणि मग पूर्ण 9 एकर अडकते. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांची सही घ्या, भोगवटादार वर्ग 2 (विकण्या-देण्यावर सरकारी अट असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदत संपल्यावर लोखंडी खांब, जमिनीतलं काँक्रीट, केबल, फुटकी पॅनल कोण काढणार आणि कोणाच्या पैशानं, हे स्पष्ट शब्दात लिहून घ्या, त्यासाठी बँक गॅरंटी मागा. 29 वर्षांनी ती कंपनी त्याच नावानं असेलच असं नाही.

कोणी प्रोसेसिंग फी, नोंदणी फी, विमा असं काही मागितलं तर एक रुपया देऊ नका. जमीन घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. मोबाईल टॉवरच्या नावाखाली आपल्या भागात किती लोक बुडाले ते सगळ्यांना माहीत आहे.

भाऊजींना सांगा, नागपूरकडं प्लॉट घ्यायचाच असेल तर महारेराचा (बांधकाम आणि ले-आउटवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर विचारा. 500 चौरस मीटरच्या वरचं ले-आउट असेल तर विक्रीच्या आधी नोंदणी बंधनकारक आहे, नंबर टाकला की सगळं वेबसाइटवर दिसतं. एनए (अकृषिक) झालेलं आहे असं नुसतं तोंडी सांगतात, तो आदेश हातात घेऊन वाचा, मंजूर नकाशावर आपला प्लॉट नंबर बोट ठेवून शोधा.

---

लाइनचा_माणूस (दिग्रस)

लाइन गेल्यावर कूलर चालंल का या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण यातच लोक फसून राहिले. साधं ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनले जोडलेलं, बिना बॅटरीचं) सोलर लावलं तर लाइन गेली की सोलरही बंद. डोक्यावर भर दुपारचं ऊन असलं तरी बंद. काऊन, तर इन्व्हर्टरले ग्रिड दिसलं नाही की तो आपोआप थांबते, नाहीतर तुमच्या घरची वीज उलटी तारेत जाईल अन् खांबावर काम करणारा आमचा माणूस मरंल. हे बरोबरच आहे, पण विकणारा हे सांगत नाही. लोड शेडिंगमध्ये चालाले पाह्यजे असंल तर हायब्रिड (लाइन अन् बॅटरी दोन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर अन् बॅटरी घ्या, खर्च वाढते, पण दोन पंखे, चार बल्ब, एक कूलर अन् फ्रिज एवढ्यापुरतीच वेगळी वायरिंग करा म्हणजे बॅटरी लहान पुरते. नवीन घर आहे ना तुमचं, तर हे वायरिंग आत्ताच वेगळं काढून घ्या, मंग भिंती फोडा लागते.

पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटले 30 हजार, 2 ले 60 हजार, 3 किंवा त्याच्या वर कितीही लावा 78 हजार सबसिडी आहे. ती नेट मीटर (घेतलेली अन् दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) लागल्यावर तुमच्या खात्यात येते, एजंटच्या नाही. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच पाह्यजे, नाहीतर सबसिडी नाही. 1 किलोवॅटले साधारण 100 चौरस फूट जागा लागते अन् दिवसाले सरासरी 4 युनिट धरा. 3 किलोवॅट म्हणजे 30 बाय 50 च्या घरावर आरामात बसते.

आपल्या उन्हाबद्दल एक गैरसमज आहे, की जितकं तापंल तितकी जास्त वीज. तसं नाही भाऊ. पॅनलवर जो आकडा लिहिला असते तो 25 डिग्रीचा असते, मे महिन्यात दुपारी पॅनल 65 पर्यंत जाते, अन् प्रत्येक डिग्रीमागं 0.3 ते 0.4 टक्का वीज कमी होते. म्हणून पॅनल टिनाले किंवा स्लॅबले चिपकवून लावू देऊ नका, खालून हवा खेळली पाह्यजे. स्ट्रक्चर गॅल्वनाइज घ्या, मे-जूनच्या वादळात आपल्याकडं टिनं उडून जातात हे लक्षात ठेवा. अर्थिंग तीन वेगळ्या, डीसीची (पॅनलकडची), एसीची (घरच्या लाइनकडची) अन् वीजरोधकाची, यात एक रुपया वाचवू नका, आपल्या भागात वीज पडून दरवर्षी माणसं जनावरं जातात. अन् माकडांचा कळप असंल तर पाइप लोंबकळाले जागा ठेवू नका, ते झोके घेतात अन् केबल तोडतात.

---

बरडावरचा_सोयाबीन (कारंजा लाड)

मी जरा वेगळं सांगतो. वरच्या सगळ्यांनी बरोबर लिहिलं पण बरड म्हणजे पडीक नाही राजेहो. त्या 4 एकरावर गावची गुरं चरतात, शेळ्या जातात, पावसाचं पाणी तिथून मुरून खालच्या विहिरीत येते. जागा सपाट केली, गवत मारलं, तारेचं कुंपण टाकलं की ते सगळं थांबते अन् पॅनलवरून पडणारं पाणी एका धारेनं शेजाऱ्याच्या वावरात घुसते. आमच्या शिवारात एका प्रकल्पाच्या खाली असंच झालं, शेजारच्याच्या तुरीत पाणी साचून झाडं पिवळी पडली अन् आता बांधावरून भांडण सुरू हाय. करारात चर, शोषखड्डे अन् पाणी काढण्याची जागा हेही लिहा.

पैशाचं पाहाल तर सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ले क्विंटलमागं 5,328 रुपये होता, बरडावर एकरी 4 पोते झाले तरी नशीब, त्यातून बियाणं, फवारणी, सोंगणी, मळणी काढा, अन् खेड्यात हमीभाव कोण देते. म्हणून 50 हजार मोठे वाटतात अन् खरंच मोठे आहेत, मी कोणाले नाही म्हणणार नाही. पण ज्या बायका तुमच्या वावरात निंदणाले येतात त्यायचं काम जाते, ते कोणत्याच हिशोबात नसते. सोलरवाल्याले सांगा गवत काढणं, पॅनल धुणं, राखण हे काम गावच्याच माणसायले द्या. हेही कागदावर घ्या.

काळ्या 5 एकराले हात लावू देऊ नका, एवढंच.

---

माती_चुना_सिमेंट (वर्धा)

घराबद्दल मी लिहितो, 30 वर्षं हेच काम आहे.

दारव्ह्याचा प्लॉट काळ्या मातीत आहे का पहिले बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर उथळ पाया टाकला की दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. मुरूम लागेपर्यंत खोदा, कॉलम फुटिंग (खांबाचा पाया) मुरमावर, वर जोत्याच्या पातळीला प्लिंथ बीम, आणि फरशीखाली खोदलेली काळी माती परत भरू देऊ नका, मुरूमच भरा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल करा, खाली फुगीर असलेले हे खांब खास काळ्या मातीसाठीच वापरतात.

मग पाणी. तलाठ्याकडं किंवा भूमी अभिलेखला जुना गाव नकाशा मिळतो तो काढा आणि त्यात तुमच्या ले-आउटमधून नाला जात होता का ते पाहा. बरेच ले-आउट नाला मुरमानं बुजवून, त्यावर एक पाइप टाकून विकले जातात. पाणी आपली वाट विसरत नाही. नागपूरला 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काय झालं, काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा चांगल्या चांगल्या वस्त्यांत तळमजल्यात माणूसभर पाणी. त्या भागातले प्लॉट महागच होते. त्याच वर्षी जुलैत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात महागावकडं पुरात काय झालं तेही आठवा. म्हणून जोतं रस्त्यापासून किमान 3 फूट वर घ्या, आणि रस्ता दर काही वर्षांनी डांबर टाकून वर येतो हे धरूनच 3 म्हणतोय. मीटर आणि इन्व्हर्टर जमिनीपासून छातीच्या उंचीवर लावा.

आता ऊन. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री 12 वाजता सुद्धा खोलीत आग ओकतो, म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे गच्ची पांढरी करणं, चुन्याचा जाड हात किंवा तयार उष्णतारोधक रंग, त्यानं खोलीचं तापमान 2 ते 5 डिग्री उतरतं. त्यावर पॅनल बसले की सावली मिळते तो वेगळा फायदा. पश्चिमेला मोठी खिडकी देऊ नका, तिकडं छपरी काढा किंवा जिना, बाथरूम, कोठीची खोली टाका. पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब लावायला 30 बाय 50 मध्ये जागा निघते, काढाच. विटा कोराडी, चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या राखेच्या मिळतात, चांगल्या असतात, पण भिंत कशी रचता ते जास्त महत्त्वाचं. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची पद्धत आहे, रॅट ट्रॅप म्हणतात, विटा पाव भागानं कमी लागतात आणि पोकळीमुळं आतली भिंत तापत नाही. गवंडी नाही म्हणेल, एक भिंत उभी राहून करून घ्या मग त्याला जमतं. सेवाग्रामला कधी गेलात तर मे महिन्याच्या दुपारी बापूकुटीत बसून पाहा. 1930 च्या दशकातली, माती, बांबू आणि कवेलू (कौलं), त्या जागेत जे मिळालं त्यानंच बांधलेली, बाहेर 45 असताना आत बसवतं.

आणि गच्चीचं पाणी सोडून देऊ नका. 1000 चौरस फुटाच्या स्लॅबवर 900 मिमी पाऊस पडला तर 80 हजार लिटरच्या वर पाणी येतं. यवतमाळकरांना पाण्याबद्दल मी काय सांगणार. बोअरमध्ये गाळणीतून सोडा, पहिल्या पावसाचं मात्र बाहेर जाऊ द्या.

---

कास्तकाराचा_पोरगा (दारव्हा, जि. यवतमाळ)

सगळ्यांचे लय लय आभार, बाबांना सगळं वाचून दाखवलं. कारंजावाल्या दादांनी निंदणाऱ्या बायकांचं लिहिलं ते ऐकून आई म्हणाली हे पहिलं कलम टाका. आमचं ठरलं असं की विकणं नाही, ले-आउटवाल्याले नाही सांगितलं. दोन्ही तुकडे एकाच गटात आहेत म्हणून मोजणीचा अर्ज आधी करतो, त्यानंतरच सोलरवाल्याशी बोलणं, तेही योजनेतला आहे का खाजगी ते कागदावर दाखवल्यावर.

लाइनवाल्या भाऊले एकच विचारतो, पैसे एकदम नाहीत, तर आत्ता ऑनग्रिड लावून बॅटरी दोन-तीन वर्षांनी जोडली तर चालते का?

---

लाइनचा_माणूस (दिग्रस)

चालते, पण इन्व्हर्टर आत्ताच हायब्रिड घ्या, बॅटरी नंतर. साधा ऑनग्रिड घेतला तर तेव्हा तो काढून फेकावा लागंल. ऑर्डर देताना त्या मॉडेलले कोणती बॅटरी चालते ते लिहून घ्या अन् वायरमनले सांगा कूलर-फ्रिजची लाइन आत्ताच वेगळ्या डीबीवर (एमसीबीच्या डब्यावर) काढून ठेव. नेट मीटरच्या अर्जासोबत बिलावरचं नाव अन् आधारवरचं नाव एकच आहे का तेही पाहून घ्या, नव्या घराचं मीटर बाबांच्या नावानं घेणार असाल तर खातंही त्यायचंच द्या.