आफ्टर इफेक्ट्समध्ये निवेदनाप्रमाणे मार्कर लावण्यासाठी एआय एजंट: सल्ला हवा

फळाखडू: नमस्कार. मी आफ्टर इफेक्ट्स या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शालेय विज्ञानावरच्या मराठी चित्रफिती करतो. प्रत्येक फीत साधारण आठ मिनिटांची आणि २५ फ्रेम प्रतिसेकंद असते. निवेदनातील प्रत्येक वाक्याच्या आरंभी मार्कर (टाइमलाइनवरची खूण) हवा असल्याने ९०-१०० मार्कर हाताने लावावे लागतात आणि निवेदिकाताईंनी एखादे वाक्य पुन्हा ध्वनिमुद्रित करून पाठवले, की पुढचे सगळेच सरकते. एमसीपीद्वारे (एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडण्याची पद्धत) एजंटला, म्हणजे सांगितलेले काम स्वतः करणाऱ्या एआयला, आफ्टर इफेक्ट्सशी जोडता येते, असे वाचले. कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? आफ्टर इफेक्ट्सचे शुल्क भरतोच. त्यावर महिन्याला ५०० रुपयांहून अधिक परवडणार नाही. लॅपटॉप विंडोजचा आहे.

रात्रपाळी: ५०० रुपयांचा हट्ट सोडावा. मी दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे चित्रफीत संकलनाचे सॉफ्टवेअर २९५ डॉलरना एकदाच घेतले. त्यात पायथनमधून मार्कर घालता येतात आणि बाहेरून स्क्रिप्ट चालवता येत असल्याने एजंट जोडणेही सोपे जाते. दरमहा भाडे भरत राहण्यापेक्षा हे बरे.

फळाखडू: माझी सर्व आकृत्यांची साचेबद्ध कामे आफ्टर इफेक्ट्समध्ये आहेत, त्यामुळे स्थलांतर शक्य नाही.

ताशातर्री: आमच्या ढोलपथकाच्या फिती मी गेली दोन वर्षे एजंटकडूनच करून घेतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२.५ फ्रेमचा होतो. एजंटने प्रत्येक ठोका १३ फ्रेमचा धरून पुढे पुढे बेरीज केली, तेव्हा शंभर ठोक्यांत मार्कर दोन सेकंद मागे पडले. म्हणून प्रत्येक मार्करची वेळ शून्यापासून मोजायला सांगावी आणि पूर्णांक शेवटी करावा. हे माझे मीच शोधून काढले आहे.

काचकमळ: फळाखडू यांच्याकडे ढोल नाहीत, निवेदन आहे, हे लक्षात घ्यावे. माझा अनुभव कटू आहे. एका एजंटला मी ‘जुने मार्कर काढून नवे लाव’ असे सांगितले, तर त्याने ग्राहकाने अभिप्राय म्हणून लिहिलेले मार्करही पुसून टाकले. त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये बिगिनअनडूग्रुप (अनेक कृती एकाच अनडूत बांधणारी आज्ञा) नव्हते, त्यामुळे प्रत्येक मार्कर ही स्वतंत्र कृती ठरली. माझ्याकडे अनडू मूळच्या ३२ पायऱ्यांवरच होते आणि पुसलेले मार्कर होते दीडशेच्या वर. तो रविवार त्यातच गेला. प्रत फाइलवर काम करावे, एवढेच सांगते.

दुसरा मजला: एजंट वापरायचाच असेल, तर दोन गोष्टी सांगतो. आफ्टर इफेक्ट्सची स्क्रिप्ट एक्स्टेंडस्क्रिप्टमध्ये चालते, ती जावास्क्रिप्टची फार जुनी बोली आहे. एजंट मात्र लेट आणि बाणाची फंक्शने अशी नवी रूपे लिहून मोकळा होतो आणि पहिल्याच ओळीला त्रुटी येते. ‘फक्त ईएस३ (तीच जुनी बोली) लिही’ असे आरंभीच बजावावे. दुसरे म्हणजे, त्याच क्षणी आधीचा मार्कर असेल, तर नवा त्याची जागा घेतो. म्हणून एजंटचे मार्कर कॉम्पवर (सर्व लेअर असलेल्या मुख्य टाइमलाइनवर) न घालता वेगळ्या नल, म्हणजे रिकाम्या, लेअरवर घालायला लावावेत, म्हणजे बिघडल्यास ती लेअर काढून टाकली की झाले.

रात्रपाळी: फ्रेमदराकडे कोणीच लक्ष दिलेले नाही. २३.९७६ ला २४ समजल्यास दहा मिनिटांत ०.६ सेकंदांचा फरक पडतो.

ताशातर्री: तो फरक मोजणाऱ्याच्या चुकीने पडतो, दराने नव्हे. शून्यापासून मोजा, हे मी वर लिहिलेच आहे.

फळाखडू: माझी फीत २५ची आहे.

साखरपेरू: एजंट आणि एमसीपी यांची गरजच काय? एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफाइली हाताळणाऱ्या साधनातील सायलेन्सडिटेक्ट निवेदनातील शांततेच्या जागा सेकंदांत काढून देते, तेही फुकट. उणे ३० डेसिबल आणि अर्धा सेकंद येथून सुरुवात करावी. ती यादी वाचून मार्कर लावणारी पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट कोणत्याही चॅटबॉटकडून लिहून घ्यावी. मार्कर वेगळ्या नल लेअरवर ठेवावेत, हे माझेही मत आहे. वाक्याचा मजकूर मार्करमध्ये हवा असल्यास फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, नाहीतर देवनागरीचा चिखल होतो.

काचकमळ: ताई जर वाक्याच्या मध्येच श्वास घेत असतील, तर तिथेही मार्कर पडेल.

दुसरा मजला: आणि आठ मिनिटांचे निवेदन एकाच ध्वनिफाइलमध्ये का ठेवावे, हेही मला कळलेले नाही. परिच्छेदागणिक लेअर केल्यास मार्कर लेअरसोबत सरकतात.

फळाखडू: सर्वांचे आभार. सायलेन्सडिटेक्ट करून पाहिले. ताई ‘म्हणजेच’ या शब्दानंतर हमखास थांबतात, त्यामुळे एका फितीत ३१ जादा मार्कर पडले आणि ते निवडून काढण्यात हाताने लावण्याइतकाच वेळ गेला. एजंटला प्रकल्पाची फाइल सोपवण्याचे धाडस काचकमळ यांचा अनुभव वाचून राहिले नाही. शेवटी निवेदनाचे अकरा परिच्छेद वेगळ्या लेअरवर ठेवले, यूएसबीचा नमपॅड (आकड्यांच्या कळांचा छोटा कळफलक) आणला आणि लेअर निवडून ध्वनी चालू असताना वाक्यागणिक मार्कर लावणारी गुणाकाराची कळ दाबत गेलो. आठ मिनिटांची फीत सुमारे पाव तासात झाली. माझा हात पाच फ्रेम उशिरा पडतो, एवढे सर्व मार्कर मागे सरकवणारी छोटी स्क्रिप्ट मात्र चॅटबॉटकडून फुकट लिहून घेतली आणि ती प्रतीवर तपासूनच चालवली.

रात्रपाळी: म्हणजे एवढी चर्चा करून हातानेच!

ताशातर्री: नमपॅड कितीला मिळाला?

फळाखडू: ३८० रुपयांना. यांत्रिक कळांचा नाही, साधाच आहे.