घरचा राउटर ओपनबीएसडीवर चालवावा का?

पायरीचा दगड (धागाकर्ता):

गेल्या रविवारी एका मित्राशी यावरून तासभर वाद झाला. त्याचं म्हणणं, घरच्या राउटरसाठी ओपनबीएसडीसारखी आडवळणाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणं हा निव्वळ हट्ट. मला ते पटलं नाही, म्हणून धागा काढतोय. विरोधी मतं मनापासून हवी आहेत.

माझी मांडणी आधी सांगतो. पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा एपीयू२ नावाचा बोर्ड, जेवणाच्या चपट्या डब्याएवढा. पंखा नाही, तीन नेटवर्क पोर्ट, १२ व्होल्टचा अडॅप्टर, वीज ६ ते १२ वॉट. (हे बोर्ड थांबवत असल्याचं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. माझा त्याआधी घेतलेला आहे.) नेटवाल्याचा ओएनटी (फायबर येते तो डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देतो; पीपीपीओईचं, म्हणजे नेटवाल्याकडचं लॉगिन हा बोर्ड करतो. वायफायसाठी जुना राउटर डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) बंद करून, केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचून ठेवलाय.

बोर्डावर ओपनबीएसडी. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या प्रकल्पातून वेगळं होऊन सुरू केलेली ही सिस्टिम कॅनडातल्या कॅलगरीतून चालते. नाव ऐकलं नसेल, पण कधी सर्व्हरवर एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) गेला असाल तर बहुतेक याच मंडळींचं ओपनएसएसएच वापरलं असणार. तिच्यातली फायरवॉल (कोणती वाहतूक आत-बाहेर जाऊ द्यायची ते ठरवणारी चाळणी) म्हणजे पीएफ. आधीच्या आयपीफिल्टर या फायरवॉलच्या परवान्यावरून वाद झाला, म्हणून डॅनिएल हार्टमायर यांनी ती नव्याने लिहिली आणि २००१ च्या डिसेंबरात ३.० आवृत्तीत ती आली.

आता हे का, ते सांगतो. माझ्या आधीच्या, दुकानातून आणलेल्या राउटरला घेतल्यानंतर दीड वर्षात अपडेट यायची थांबली. यंत्र ठणठणीत, पण आतलं सॉफ्टवेअर शिळं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर किमान ५ लाख उपकरणांत, मुख्यतः असल्याच छोट्या राउटरांत, शिरल्याचं उघड झालं आणि एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्या रात्री मी माझ्या राउटरच्या पानावर जाऊन बघत बसलो की आत काय चाललंय हे कळायची काही सोय आहे का. नव्हती. 'कनेक्टेड' एवढा एक हिरवा शब्द होता.

आज माझ्या घराची सगळी फायरवॉल ३८ ओळींत आहे. पहिली ओळ: सगळं बंद. मग एकेक दार उघडायचं. पीएफमध्ये वरून खाली वाचताना जी ओळ शेवटची लागू पडते ती जिंकते, त्यामुळे नियम मराठी वाक्यासारखे वाचता येतात: सगळं अडव, घरातून बाहेर जाऊ दे, टीव्हीला बाहेर जाऊ दे पण माझ्या फाइलींच्या ड्राइव्हकडे नको. टीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच यंत्रावरचं वेगळं आभासी नेटवर्क) आहे. ज्या दिवशी तो नियम लिहिला, त्या दिवशी लॉगमध्ये पाहिलं तर टीव्ही दर काही सेकंदांनी घरातल्या प्रत्येक पत्त्याला हाक मारत होता. काही वाईट हेतूने असेलच असं नाही. पण माझ्या घरात हे चालतं आणि मला माहीत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

ज्याला जमतं त्याने हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

ऊनसावली:

आमच्या घरी हा प्रयोग होऊन गेलाय, म्हणून लिहिते.

नवऱ्याने असाच बोर्ड बसवला होता, सिस्टिमही हीच. वर्षभर उत्तम चाललं, खोटं बोलणार नाही. मग तो १२ दिवसांसाठी बंगळुरूला गेला. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला लाइट गेली, अकराला आली, नेट आलं नाही. सकाळी आठला माझा ऑनलाइन क्लास, २२ मुलं. त्या डब्याला स्क्रीन नाही, बटण नाही, समोर तीन दिवे आणि तिन्ही काहीच सांगत नाहीत.

नवरा फोनवर. "ड्रॉवरमध्ये निळी सिरियल केबल आहे, लॅपटॉपला लाव. पुट्टी उघड. स्पीड ११५२००." रात्री साडेअकराला हे सगळं मी केलं. स्क्रीनवर मजकूर आला: 'अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली.' तो म्हणाला, अमुक टाइप कर, आणि प्रत्येक प्रश्नाला वाय दाब. मी एकवीस वेळा वाय दाबलं. कशाला हो म्हणतेय हे मला ठाऊक नव्हतं. पाऊण वाजता नेट आलं.

सिस्टिम चांगली असेल. पण बंद पडल्यावर घरातल्या एकाच माणसाला जी चालू करता येते ती वस्तू त्या माणसाची झाली, घराची नाही. मिक्सर बिघडला तर मी दुकानात नेऊ शकते. हा डबा कुठे नेऊ? तो परत आल्यावर आम्ही बोर्ड काढला. नियम किती ओळींत आहेत याने मला काय फरक पडणार, त्या ३८ ओळी मला वाचताच येत नसतील तर?

खटपट्या:

ऊनसावली यांना जे झालं त्याचं कारण ठोस आहे. ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टिमला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवायची सोय) नाही. लिहिता लिहिता वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना डिस्क तपासावी लागते, आणि गडबड मोठी असेल तर मशीन माणसाची वाट बघत थांबतं. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते. तिथे हे चालणार नाही.

त्यापेक्षा ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम घ्या. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स निघालं, २००३ मध्ये त्याचा सोर्स खुला करावा लागला, त्यातून पुढच्या वर्षी हा प्रकल्प उभा राहिला. मूळ सिस्टिम फ्लॅशवर फक्त वाचता येईल अशी बसते, बदल वेगळ्या थरात. प्लग उपटा, पुन्हा लावा, उठतं. बिघडलं तर बटण दाबून फेलसेफ, म्हणजे दुरुस्तीपुरतं सुरू होतं. वायफाय त्याच डब्यात. ओपनबीएसडीत वायफाय अॅक्सेस पॉइंटचा आनंदच आहे, धागाकर्त्यांनाही वेगळा राउटर ठेवावा लागलाच.

दुसरं. 'डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये इतक्या वर्षांत फक्त दोन रिमोट होल' हे त्यांचं ब्रीद (रिमोट होल म्हणजे दुरून आत शिरता येईल अशी त्रुटी) सगळे सांगतात. पण डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये बाहेरून ऐकणारं असतंच काय? जवळपास एसएसएच तेवढं. तुम्ही डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), डीएचसीपी, व्हीपीएन सुरू केलंत की ते डिफॉल्ट राहिलं नाही. आणि तुम्ही सीजीनॅटच्या (नेटवाला अनेक घरांना एकच बाहेरचा पत्ता देतो ती पद्धत) मागे असाल तर बाहेरून तुमचं दार वाजवायला कोणी येतच नाही.

पायरीचा दगड:

ऊनसावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एकवीस वेळा वाय दाबणं ही शिक्षा तुम्हाला व्हायला नको होती. याचं उत्तर तंत्रात शोधायचा मोह होतोय, पण तुमचा मुद्दा तंत्राचा नाही हे कळतंय. त्यावर शेवटी येतो.

खटपट्या, जर्नलिंगचं मान्य. उलट २०२३ च्या ७.४ आवृत्तीत सॉफ्ट अपडेट्सही (डिस्कवर ठरावीक क्रमाने लिहायची सोय) बंद केले. माझ्याकडे दोन उपाय आहेत. लॉग आणि तात्पुरत्या फाइली मेमरीत ठेवतो, म्हणजे डिस्कवर लिहिणं जवळजवळ नाहीच. आणि बाजारात राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो या बोर्डाला थेट चालतो, कारण बोर्डही १२ व्होल्टचाच. ओएनटीला एक, बोर्डाला एक. तीन पावसाळे गेले, एकदाही अडलं नाही.

सीजीनॅटचं मात्र अर्धंच खरं. आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांवर दार कोणी वाजवत नाही, बरोबर. नव्या आयपीव्ही६ वर घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला स्वतःचा जगजाहीर पत्ता मिळतो आणि मध्ये नॅट (अनेक उपकरणांना एका पत्त्याआड ठेवणारी सोय) नसतो. तिथे फायरवॉल हीच भिंत. कंपनीच्या डब्यात ती भिंत आहे की नाही हे बघायला माझ्या नेटवाल्याने पासवर्डही दिला नव्हता.

दोन होलांबद्दल: त्यातलं २००७ चं आयपीव्ही६ मध्येच होतं, म्हणजे मीही ते ब्रीद देवावर हवाला ठेवल्यासारखं घेत नाही. मी ज्यावर विसंबतो ते वेगळं. डीएनएस वगैरे जे मी सुरू केलं तेही सिस्टिममध्येच येतं, त्याच माणसांनी तपासलेलं. त्यातले बरेच प्रोग्राम सुरू होताच कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) लिहून देतात की मी एवढीच कामं करीन. शब्द मोडला की कर्नल तिथल्या तिथे मारतो. या सोयीचं नाव प्लेज.

राइनकाठ:

जर्मनीतून लिहितोय. इथे १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने राउटर निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे. कंपनीने लॉगिनची माहिती द्यायलाच लागते. डॉइच टेलिकॉम कंपनीच्या लाइनला व्हीलॅन ७ लावा, पीपीपीओई करा, झालं. भारतात हा वाद सिस्टिमच्या निवडीचा वाटतो, पण मूळ अडचण ब्रिज मोडसाठी नेटवाल्याच्या हातापाया पडावं लागतं ही आहे. ती आधी सुटायला हवी.

मी सात वर्षं ओपनबीएसडी चालवली. सुरुवातीलाच पत्नीला बँकेचं पान उघडेना. बाकी साइट उघडतात, बँकेचं पान अर्ध्यावर लटकतं. दोन संध्याकाळी गेल्या. पीपीपीओईत पाकिटाची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ होते, आणि काही सर्व्हरांपर्यंत तो निरोप पोचत नाही. पीएफमध्ये मॅक्स-एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची मर्यादा) १४४० असं घातलं आणि पान उघडलं. दुकानातला राउटर हे गुपचूप करतो. मला ते करताना टीसीपी समजलं. माझ्यासाठी त्या दोन संध्याकाळी सोन्याच्या होत्या. पत्नीसाठी नव्हत्या, आणि तिचं बिल भरायचं राहिलं होतं.

गिगाबिट घेतल्यावर एपीयू दमला, तेव्हा मी सोडलं. आठवण येते.

खटपट्या:

राइनकाठ यांनी नेमकं सांगितलं. दुकानातला राउटर जे गुपचूप करतो ते गुपचूप होणं यालाच मी सोय म्हणतो.

शिवाय देखभाल. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि आधार फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना. वर्षभर हात लावला नाही की तुम्हीही शिळे, दुकानातल्या राउटरसारखेच. २०१० मध्ये ४.७ आली तेव्हा नॅटची लिहायची पद्धतच बदलली, जुनी नियमांची फाइल लोड होईना. आणि प्रकल्पाची तब्येत? २०१४ च्या जानेवारीत वीजबिलाच्या २०,००० डॉलरसाठी त्यांना जाहीर हाक द्यावी लागली होती. घराचं दार अशा हातात द्यायचं?

पायरीचा दगड:

४.७ चा दाखला खरा आहे, पण आता सिसअपग्रेड आहे, २०१९ च्या ६.६ पासून. एक आज्ञा, दोनदा रीबूट, चहा होईपर्यंत काम झालेलं असतं. नियम बदलण्याआधी पीएफसीटीएल या आज्ञेला ते नुसते तपासायला सांगतो, लोड नंतर. वर्षातून दोन दिवाळ्या म्हणा, पण तेवढं करावं लागतं हे कबूल.

पैशांचं मात्र मला उलटं वाटतं. हाक दिली, लोकांनी पैसे दिले, प्रकल्प चालू राहिला. माझ्या जुन्या राउटरच्या कंपनीला पैशांची कमी नव्हती, तरी दीड वर्षात तिने हात झटकले. दर आवृत्तीला थोडे पैसे पाठवतो आणि ते कुठे जातात हे मला दिसतं.

सांगलीचा नेटवाला:

मी लाइन टाकतो, फायबर जोडतो, तक्रारी घेतो. धागा आवडला म्हणून आमच्या बाजूचं सांगतो.

ब्रिज मोडला आम्ही नाही का म्हणतो? गिऱ्हाईक स्वतःचा डबा लावतं, तो अडकतो, फोन आम्हाला येतो. मुलगा दुचाकीवर आठ किलोमीटर जातो, ओएनटी बघतो, लाइन ठीक. मग ताई म्हणतात, मग नेट का नाही? त्याला काय उत्तर द्यायचं? ब्रिज केल्यावर लँडलाइनचा आवाज बंद झाला तर तेही आमच्यावर.

पण ज्यांनी नीट विचारलं त्यांना मी ब्रिज करून दिलंय. एकच अट घालतो: कंपनीचा राउटर माळ्यावर टाकायचा नाही. लॉगिन भरून, चालू करून बघून, डब्याशेजारी फळीवर ठेवायचा. अडलं की केबल काढून त्यात लावायची. घरातलं कुणीही करू शकतं.

ऊनसावली:

नेटवाले दादा, हे मला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर! आमचा कंपनीचा राउटर खोक्यात, खोकं गावाला.

पायरीचा दगड, असा दुसरा राउटर फळीवर तयार असेल आणि भिंतीवर एक कागद असेल, तर माझा विरोध बराचसा मावळतो. कागद तुम्ही लिहा, पण तपासायचा घरातल्या दुसऱ्याने. तुम्ही घरात नसताना.

पायरीचा दगड:

हे पटलं, आणि करून पाहिलं. शनिवारी कागद लिहिला, बोर्ड मुद्दाम चालूच होणार नाही असं केलं आणि भाजी आणायला निघून गेलो. घरी आई होती, वय ६८. कागद असा होता:

१. डब्याचा प्लग काढा, दहापर्यंत मोजा, लावा. पाच मिनिटं थांबा.
२. नेट नाही आलं तर ओएनटीतून निघालेली पिवळी केबल डब्यातून काढा.
३. ती फळीवरच्या पांढऱ्या राउटरच्या निळ्या भोकात लावा, राउटर चालू करा.
४. फोनवर वायफायचं नाव 'घर २' निवडा. पासवर्ड राउटरच्या पाठीवर.

परत आलो तेव्हा आईचा बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू होता. दुसऱ्या पायरीला ती अडली होती, कारण डब्याला दोन पिवळ्या केबली होत्या. तिने स्वतःच एकीला लाल दोरा बांधून ठेवला होता.

सांगलीचा नेटवाला:

आईंना नमस्कार. कागदावर सगळ्यात वर एक ओळ वाढवा: 'आधी ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागलाय का बघा.' तो लाल असेल तर फायबर तुटलेली असते. मग तुमच्या डब्याला आणि पांढऱ्या राउटरला हातसुद्धा लावायचा नाही, सरळ मला फोन करायचा.