त्रिकोणातील आकडा नेमके काय सांगतो

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी आत आकडा असलेला बाणांचा त्रिकोण असला की ती वस्तू पुनर्चक्रणात खुशाल टाकावी, हे या विषयावरच्या चर्चेत एकाने मांडलेले मत मला मान्य नाही. अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली आणलेले हे १ ते ७ आकडे केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतात (आणि ७ तर तेवढेही सांगत नाही, कारण त्याचा अर्थच ‘इतर’ असा आहे). नेमका हाच गोंधळ कमी व्हावा म्हणून २०१३ मध्ये या खुणेच्या मानकात बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आला. मात्र जुने साचे अजून वापरात असल्याने बाण सर्रास दिसतात.

या चर्चेत न आलेला मुद्दा असा की, आकडा एकच असूनही वस्तू कशी घडवली आहे यावर बरेच अवलंबून असते. २ क्रमांकाच्या प्लास्टिकची हवा फुंकून केलेली बाटली आणि साच्यात दाबाने ओतून केलेला डबा यांतील प्लास्टिक वितळल्यावर सारखे वाहत नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी बाटल्या घेतात आणि डबे नाकारतात. काळ्या रंगाच्या ताटल्यांची अडचण आणखी वेगळी आहे: त्यांच्या रंगातील काजळी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या किरणांवर चालणाऱ्या वर्गीकरण यंत्राला त्या ओळखताच येत नाहीत. तेव्हा आपला कचरा जिथे जातो, तिथे आकड्यांऐवजी ‘कोणत्या आकाराच्या आणि रंगाच्या वस्तू घेता’ असे विचारणे अधिक उपयोगी पडेल.