टाइम मशीनचा शेवट: तो अडकला, मेला, की मुद्दामच परत आला नाही?

पानोपानी

एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' परवा पुन्हा वाचून काढली, चौथी वेळ असेल, आणि शेवटापाशी येऊन परत तिथेच अडकले. ज्यांना वाचून वर्षं लोटलीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, वाचायची असेल तर मात्र इथेच थांबा कारण पुढे सगळा शेवट फुटणार आहे.

१८९५ ची कादंबरी. एक शास्त्रज्ञ, त्याला नाव दिलेलंच नाहीये, आपण कालप्रवासी म्हणू, मित्रांना जेवायला बोलावतो आणि स्वतःच उशिरा येतो, धुळीने माखलेला, पायात बूट नाहीत, रक्ताळलेल्या फाटक्या मोज्यांवर लंगडत. म्हणतो मी आठ दिवस ८,०२,७०१ सालात काढून आलोय. तिथे माणसाच्या दोन जाती झाल्यात, वर उन्हात हसतखेळत जगणारे नाजूक इलॉय आणि जमिनीखाली राहणारे मॉरलॉक, जे रात्री वर येऊन इलॉयांना पकडून नेतात, खायला. वीना नावाच्या इलॉय मुलीला हा बुडताना वाचवतो, मग ती त्याची पाठ सोडत नाही. खिसे कशासाठी असतात हे तिला माहीत नसतं, ती त्यांना फुलदाण्या समजून त्यात फुलं खोचत राहते. आणि मॉरलॉकना लांब ठेवायला यानेच पेटवलेली आग जंगलभर पसरते त्या रात्री ती हरवते. पुन्हा सापडत नाही.

मित्रांचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी निवेदक, म्हणजे ही गोष्ट आपल्याला सांगणारा त्यांच्यातलाच एक मित्र, त्याच्याकडे जातो तर हा एका काखेत छोटा कॅमेरा आणि दुसऱ्या काखेत पाठपिशवी घेऊन निघालेला. म्हणतो अर्धा तास दे, जेवायला थांब, पुराव्यानिशी सिद्ध करून दाखवतो. आणि जातो. त्याला आता तीन वर्षं झालीत, निवेदक वाट बघतोय, पुस्तक संपलं.

माझं म्हणणं असं की तो मेला वगैरे काही नाही, त्याने परत यायचं नाही असं ठरवलं. ज्याच्या हातून आग लागली आणि त्यात ती गेली तो माणूस पुरावा गोळा करायला परत जाईल हे मला पटतच नाही. तो तिच्यासाठी गेला, आगीच्या आधीच्या एखाद्या दिवशी. तुम्हाला काय वाटतं?

वाळूचं घड्याळ

साफ असहमत, आणि कारण साधा हिशोब आहे. ज्याच्याकडे कालयंत्र आहे त्याला उशीर होऊच शकत नाही. तिकडे चाळीस वर्षं राहा, संसार करा, म्हातारे व्हा आणि मग दांडा ओढून बरोबर अर्ध्या तासाने प्रयोगशाळेत उतरा, कोण अडवतंय? म्हणजे निवेदकाने तीन वर्षं थांबायची गरजच नव्हती, तिसाव्या मिनिटाला निकाल लागला होता. अर्ध्या तासात आला नाही याचा अर्थ तो कधीच येऊ शकला नाही. मेला किंवा यंत्र मोडलं, तिसरा पर्याय नाही. यंत्राचा एक हस्तिदंती दांडा पहिल्याच फेरीत तडकला होता आणि पितळी कठडा वाकला होता हे त्याने स्वतः सांगितलंय. आणि रात्रीतून नीट दुरुस्ती केल्याचा उल्लेख मला तरी कुठे दिसला नाही.

पानोपानी

@वाळूचं घड्याळ, तुमचा हिशोब बरोबर आहे पण माणूस असा वागत नाही हो. तुम्हीच म्हणताय ना की कधीही निघालं तरी अर्ध्या तासातच पोचता येतं? मग आज निघायची घाई काय आहे? उद्या निघू. हा हंगाम होऊ दे मग निघू. ज्या परतीला उशीरच होऊ शकत नाही ती रोज पुढे ढकलता येते, आणि मग एक दिवस तो तिथेच आजारी पडतो किंवा नुसताच म्हातारा होतो आणि दांडा ओढायचं राहून जातं. हे मला अगदी खरं वाटतं, आपण जवळच्या माणसांना करायचे फोन असेच ठेवून देतो, कधीही करता येईल म्हणून.

रातकिडा

तुम्ही दोघंही तो गेला होता हे धरूनच चाललाय, मी तेच धरत नाही. माझं मत, पहिला प्रवास स्वप्न होतं.

पुरावा पुस्तकातच आहे. परत येताना तो सांगतो की घरकाम बघणारी मिसेस वॉचेट प्रयोगशाळा ओलांडून गेली तो क्षण त्याला उलटा दिसला, ती पाठमोरी चालत आल्या दारातून परत गेली. म्हणजे तो निघाला त्या वेळेपाशी येऊन थांबला, दुपारी चारच्या आसपास. मग म्हणतो मी बाकावर बसलो, काही मिनिटं थरथरत होतो, डोकं थोडा वेळ चालेना, आणि उठून इकडे आलो तर घड्याळात आठ वाजत आलेले! चार तास कुठे गेले? तो स्वतः म्हणतो की कदाचित मी तिथे झोपलोही असेन. नंतर मित्रांनाही सांगतो की खोटं समजा नाहीतर भविष्यवाणी समजा, कार्यशाळेत स्वप्न पडलं म्हणा. आणि हा माणूस आधीपासून हातचलाखी करणारा म्हणून मित्रांत प्रसिद्ध आहे, गेल्या ख्रिसमसला भूत दाखवलं होतं त्याने.

मधलीसुट्टी

रातकिडा, चार तासांचा मुद्दा भारी आहे, माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. पण तोच परिच्छेद पुढे वाचा ना. यंत्र निघालं आग्नेय कोपऱ्यातून आणि थांबलं वायव्य कोपऱ्यात भिंतीला लागून, आणि हे अंतर म्हणजे तो भविष्यात जिथे उतरला ती हिरवळ आणि मॉरलॉकनी यंत्र ओढून नेऊन ज्या स्फिंक्सच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात कोंडलं तो चौथरा यांच्यातलं नेमकं अंतर. स्वप्नात यंत्र सरकत नाही.

आणि त्याच जागी अजून एक गोष्ट आहे जी मी तिसऱ्या वाचनात पकडली आणि तेव्हा अंगावर काटा आला होता. मिसेस वॉचेट उलटी जाताना दिसली त्याच्या जरासं आधी त्याला 'हिलियर' क्षणभर दिसल्यासारखा वाटतो, विजेसारखा चमकून जातो. हे नाव अख्ख्या पुस्तकात एवढ्या एकाच ठिकाणी येतं. आता तो काळात उलटा येतोय म्हणजे जे आधी दिसलं ते घड्याळाने नंतरचं. प्रयोगशाळेत नंतर कोण येतं? दुसऱ्या दिवशी निवेदक दार उघडून आत येतो, हा गायब होतो नेमका त्या क्षणी! हिलियर हेच निवेदकाचं नाव असेल तर पहिल्या फेरीतून परतताना कालप्रवाशाने स्वतःच्या दुसऱ्या जाण्याचा क्षण ओझरता पाहिलेला आहे. कोणी म्हणेल हिलियर नोकर असेल, असूही शकतो, वेल्सने काहीच सांगितलेलं नाही, पण मला पहिलंच जास्त पटतं.

रातकिडा

हिलियरचा धागा सुंदर आहे, मानलं. पण कोपऱ्याचं काय, यंत्र ढकलता येतं की.

आणि मला एक सांगा, जेवायला आलेल्या डॉक्टरने फुलं मागितली तेव्हा दिली का नाहीत? दोन सुकलेली पांढरी फुलं टेबलावर आहेत, डॉक्टर म्हणतो ही कुठल्या कुळातली तेच कळत नाहीये, मी नेऊ का? हा घुटमळतो आणि एकदम म्हणतो, अजिबात नाही. ज्याला सगळे खोटारडा समजतायत त्याच्या हातात अस्सल पुरावा असताना तो तपासायला नाही म्हणतो?

पानोपानी

कारण ती वीनाने दिलेली फुलं आहेत! डॉक्टर त्यांच्या पाकळ्या सुट्या करून भिंगाखाली घालणार. आधीची ओळ आठवा, गोष्ट सांगता सांगता तो मध्येच थांबतो, खिशात हात घालतो, एक शब्द न बोलता ती दोन फुलं टेबलावर ठेवतो आणि परत सांगायला लागतो. जॅकेट बदलताना सापडली म्हणे. मेलेल्या माणसाची वस्तू कपड्यांत सापडते तेव्हा काय होतं ते ज्याला माहीत आहे त्याला 'नाही' का म्हणाला हे विचारावं लागत नाही.

वाळूचं घड्याळ

स्वप्नवाल्यांना शेवटच्या प्रसंगाचं उत्तर द्यावंच लागेल. निवेदक दाराच्या मुठीला हात घालतो तेव्हा आतून उद्गार ऐकू येतो, मध्येच तुटलेला. मग खटका, धप्प आवाज, दार उघडताच वाऱ्याचा झोत आणि काचा पडल्याचा आवाज. छतातली काच फुटून आत आलेली आहे. आत, हे महत्त्वाचं. यंत्र एकदम नाहीसं झालं तर तिथे पोकळी होणार आणि बाहेरची हवा आत घुसणार. सुरुवातीला यंत्राचा छोटा नमुना गायब झाला तेव्हाही वारा आला होता आणि मेणबत्ती विझली होती, म्हणजे वेल्सने दोन्हीकडे एकच भौतिकशास्त्र वापरलंय. त्यात निवेदकाला क्षणभर यंत्रावर बसलेली आकृतीही दिसते, इतकी पारदर्शक की मागचा बाक आणि त्यावरची ड्रॉइंग्ज स्वच्छ दिसतायत.

आता तो तुटलेला उद्गार. मला वाटतं काहीतरी चुकलं. यातला मोठा धोका त्याने आधीच सांगून ठेवला होता, थांबण्याच्या जागी आधीच काही घन वस्तू असेल तर त्याचे अणू आणि तिचे अणू एकमेकांत घुसून स्फोट होईल. यंत्र जागेवरून हलत नाही, फक्त काळात जातं. भूतकाळात गेला असेल तर प्रयोगशाळेची जागा तेव्हा मातीखाली असेल, खडकात असेल, समुद्राखाली असेल. निवेदकालाही क्रिटेशियस काळातला समुद्र आठवतो.

मधलीसुट्टी

एक शंका. पुस्तकातच म्हटलंय ना की यंत्र काळातून जात असताना त्याच जागी असतं, फक्त इतकं वेगात की आपल्याला दिसत नाही? मग जागा रिकामी झालीच नाही तर पोकळी कुठून येणार आणि काच का फुटणार?

वाळूचं घड्याळ

हो, तिथे गडबड आहे खरी. याला माझ्याकडे उत्तर नाही.

साकव

उशिरा येतोय. तो कुठे गेला यावर इतकं बोलणं झालं पण पुस्तक संपतं ते त्याच्यावर नाही, थांबलेल्या माणसावर संपतं. निवेदक सांगतो की कालप्रवाशाला मानवजातीच्या प्रगतीबद्दल फारशी आशा नव्हती, आणि मग स्वतःचं मत देतो की तसं असलं तरी आपण ते तसं नाही असं समजूनच जगायला हवं. माझ्या मते शेवट तो आहे.

हे कुठून आलं तेही बघा. वेल्स टी. एच. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. त्या हक्सलीने १८९३ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या दोनच वर्षं आधी, ऑक्सफर्डला भाषण दिलं होतं की निसर्गाची रीत आणि नीती या एका दिशेने जाणाऱ्या गोष्टी नाहीत, माणसाने चांगलं वागायचं ते त्या रीतीची नक्कल करून नाही तर तिच्याशी झगडून. निवेदकाचं वाक्य मला त्याचंच घरगुती रूप वाटतं.

आणि तो निराश का, तर तो ३ कोटी वर्षं पुढे जाऊन एका ओसाड समुद्रकिनाऱ्यावरून विझत आलेला लाल सूर्य बघून आलाय. आज हा आकडा फार लहान वाटतो पण तेव्हा लॉर्ड केल्विनसारख्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाचा हिशोब होता की सूर्याची उष्णता लाखो-कोटी वर्षांच्या हिशोबातच संपेल. बेकरेलला किरणोत्सर्ग सापडला १८९६ मध्ये, कादंबरीनंतर वर्षाने, आणि अणूच्या पोटात किती ऊर्जा आहे हे कळून ती गणितं मोडायला तर अजून वेळ लागला. म्हणजे १८९५ च्या वाचकाला तो समुद्रकिनारा जवळपास ठरलेलं भविष्य वाटत असणार. ते बघून आलेला माणूस जेवायच्या वेळेपर्यंत परत येतो म्हणतो आणि येत नाही, यात मला प्रेम नाही दिसत, थकवा दिसतो.

पानोपानी

साकव, प्रतिसाद फार आवडला, पण थकलेला माणूस कॅमेरा घेत नाही. आणि निवेदकाच्या तुम्ही सांगितलेल्या वाक्यानंतर अजून ओळी आहेत. तो म्हणतो माझ्याजवळ ती दोन पांढरी फुलं आहेत, आता तपकिरी, चपटी, ठिसूळ झालेली, आणि बुद्धी आणि ताकद गेल्यावरही माणसात कृतज्ञता आणि माया शिल्लक होती याची ती साक्ष आहेत. लहानपणी मी वाचलेल्या संक्षिप्त आवृत्तीत हा भागच गाळला होता, यंत्र गायब झालं आणि समाप्त. कितीतरी वर्षं मला हे भीतीचं पुस्तक वाटत होतं, पूर्ण वाचलं तेव्हा कळलं काय काढून टाकलं होतं ते.

वाळूचं घड्याळ

फुलं माझ्या बाजूने जातात हो. डॉक्टरला न दिलेली फुलं निवेदकाकडे कशी आली हे पुस्तक सांगत नाही, पण एवढं नक्की की कालप्रवासी ती घेऊन गेला नाही. इतकी जपलेली वस्तू माणूस घरी ठेवून जातो ती परत यायचं असतं म्हणूनच.

आणि कॅमेऱ्याबद्दल. तो विहिरीतून मॉरलॉकांच्या भुयारात उतरतो ते प्रकरण काढा. तिथे तो हळहळतो की कोडॅक आणायला सुचलं असतं तर इथलं दृश्य क्षणात टिपून नेलं असतं आणि निवांत तपासलं असतं. कॅमेऱ्याची आठवण त्याला त्या अंधारात झाली होती, वीनाबरोबर नाही. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन निघतो. मग तो कुठे गेला असेल? माझ्या मते त्याच विहिरीत. पहिल्या वेळी त्याच्याकडे चार काड्या उरल्या होत्या आणि तो जेमतेम वर आला होता.

पानोपानी

हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. दुपारपासून तेच डोक्यात आहे, ते प्रकरण आत्ता परत काढून वाचलं आणि तुम्ही म्हणता ते तसंच आहे, कोडॅक तिथेच आहे.

तरी तो तिथे मेला हे मी मानणार नाही. पाठपिशवीत काय होतं ते वेल्सने लिहिलेलं नाही. माझ्या मते काड्यापेट्या होत्या, पिशवी भरून.