ज्यूसच्या चोथ्याचं करायचं काय? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सेक्रेटरी (ए-१०४): नमस्कार मंडळी. बी विंगची स्वयंपाकघराची लाइन पुन्हा तुंबली होती. प्लंबरने पहिल्या मजल्याच्या बेंडमधून ओंजळभर लाल-केशरी चोथा काढला. कोणाचं नाव घेत नाही. ज्यूसरची जाळी सिंकमध्ये विसळू नका, एवढंच.

मंदार (बी-३०२): गाजर-बीटच असणार. थंडी पडली की आमच्या विंगमध्ये सकाळी सहाला घरघर सुरू.

जोशीकाकू (ए-२०१): अरे पण टाकता कशाला? थालीपिठात घाला. दोन वाट्या भाजणीला वाटीभर गाजराचा चोथा, कांदा, कोथिंबीर, ओवा, तिखट, मीठ. पाणी बेतानं. आणि जरा जाडसर थापा, चोथ्याला चिकटपणा नसतो, पातळ थापलंत की कडा फाटतात.

स्नेहल (बी-४०१): काकू, मी हलवा केला होता. भुसा खाल्ल्यासारखा लागला 😐

जोशीकाकू: लागणारच गं. गोडी सगळी पेल्यात गेली ना! निम्मं किसलेलं गाजर घ्यायचं, निम्मा चोथा, दूध नेहमीपेक्षा जास्त. नुसत्या चोथ्याच्या हलव्याचे व्हिडिओ येतात, त्यावर जाऊ नकोस. बीटचा चोथा मात्र बटाट्याबरोबर कटलेटला झकास.

डॉ. काका (बी-५०२): गोडी पेल्यात जाते हे काकूंचं खरं आहे, आणि न विरघळणारे तंतू बहुतेक सगळे चोथ्यात राहतात. शुगर असलेल्यांनी ज्यूसर माळ्यावर ठेवून गाजर चावून खावं.

मंदार: काका, अठरा हजारांचं मशीन आहे हो, माळ्यावर कुठे ठेवता 😂

डॉ. काका: मग कपडे वाळत घालायला तरी वापर. गंमत सोडा, दुधीचं मात्र नीट ऐका. रस काढण्याआधी दुधीचा एक तुकडा चाखायचा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेका, रसही नको आणि चोथ्याचे पराठेही नकोत. त्यातलं कुकरबिटासिन नावाचं कडू विष शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

रेखाताई (ए-४०३): बाप रे. आमच्याकडे रोज दुधी-आवळा असतो. आता चाखूनच. आवळ्याच्या चोथ्याची मी सुपारी करते. मीठ, जिरेपूड, थोडा आल्याचा रस चोळून ताटात पसरून उन्हात. खडखडीत वाळायला हवी, नाहीतर बुरशी धरते.

स्नेहल: पण सकाळी सातला ऑफिसची घाई, थालीपीठ कोण थापणार? संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिला की आंबूस वास येतो.

जोशीकाकू: ओट्यावर ठेवायचाच नाही. लगेच डब्यात घालून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपव. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून फ्रीजर. आमटीत, पावभाजीत एकेक वडी टाकायची, घरात कोणाला कळतसुद्धा नाही.

कुलकर्णी (ए-३०१): कोपऱ्यावरच्या गोठ्यात द्या ना. गाय आवडीने खाते. पुण्यही लागतं 🙏

देशमुखकाका (बी-१०३): कुलकर्णी, नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली माझी, म्हणून सांगतो. मूठभर ठीक. पण पाच घरांचा आंबलेला चोथा एकाच गाईपुढे ओतला तर पोटात आम्ल वाढतं आणि जनावर चारा सोडतं. आणि गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नाही. आधी गोठेवाल्याला विचारा.

जया वहिनी (ए-१०२): माझ्या खताच्या ड्रमकडे कोणी बघेल का आता? चोथा बारीक असतो म्हणून लवकर कुजतो, पण ओलाही तेवढाच. गोळा तसाच टाकला की घट्ट बसतो, आत हवा जात नाही, मग वास आणि चिलटं. मागच्या आठवड्यात ज्यांनी झाकण उघडून नाक दाबलं, ते त्या गोळ्यामुळे. एक भाग चोथा टाकलात तर निदान दोन भाग वाळकी पानं, आणि हाताने मोकळा करून पसरा. मोसंबी-लिंबाचा चोथा गांडुळांच्या खड्ड्यात नको, साध्या ड्रममध्ये थोडा चालेल.

मंदार: ओलं जास्त झालंय हे कळायचं कसं वहिनी?

जया वहिनी: मूठभर घेऊन पिळ. पाणी ठिबकलं तर पानं वाढव. हात नुसता ओलसर झाला तर बरोबर.

देशमुखकाका: पानं कमी पडली तर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं आणा. वाळवून कोयत्याने बारीक तोडायची मात्र, अख्खी टाकलीत तर महिनोन्महिने तशीच दिसतील.

कुलकर्णी: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा कचरागाडीत द्यावा.

सेक्रेटरी: ओल्या कचऱ्यात दिलात तर हरकत नाही, पण निथळून. आणि २०१६च्या नियमांपासून मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा होईल तेवढा आवारातच जिरवायचा आहे. पालिकेची मिळकतकरातली सवलतही गांडूळखताचा प्रकल्प चालू असेल तरच मिळते. खड्डा बंद पडला तर ती जाईल, मग मीटिंगमध्ये मलाच बोलाल.

कुलकर्णी: सवलत जाणार असेल तर देतो हो ड्रममध्ये 😄

जया वहिनी: वाळकी पानं बी विंगच्या जिन्याखाली पोत्यात ठेवली आहेत. झाडणाऱ्या मावशींनाही सांगितलंय, पेटवू नका, मला द्या.

स्नेहल: काकू, भाजणी घरची आहे का? असेल तर अर्धा किलो मिळेल?

जोशीकाकू: ये घेऊन जा. डबा आण, आणि मागचा स्टीलचा परत कर.